क्वीन गेटने घालवलेला थवा आणि राहिलेला थवा

चिपळूण, १४ एप्रिल. यंदा परसात सातेरी मधमाश्यांचे दोन थवे धरले. एक टिकला. दुसरा माझ्या चुकीने गेला, म्हणून आधी त्याचंच लिहिते.

४ मार्चला शेजारच्या वहिनींनी हाक मारली. काजूच्या खालच्या फांदीला सोललेल्या नारळाएवढा घोस लटकत होता. खाली उघडी पेटी धरून फांदीला एक झटका दिला, बहुतेक माश्या आत पडल्या. थोड्याच वेळात दारावरच्या माश्या डोकं पेटीकडे करून, मागची बाजू उचलून पंख फडफडवू लागल्या. त्या वासाने बाकीच्या आत येतात. हे दिसलं की मी निश्चिंत होते, राणी बहुधा आत असते. अंधार पडेपर्यंत फांदी मोकळी झाली.

गेल्या वर्षी असाच थवा तिसऱ्या दिवशी उठून गेला होता. त्या धास्तीने लगेच दाराला क्वीन गेट लावलं. त्याच्या फटीतून कामकरी माश्या जातात, राणी अडते. रोज संध्याकाळी साखरेचा पाक देत राहिले, आणि गेट तसंच राहिलं.

२२ मार्चला पेटी उघडली. पोळी पांढरीशुभ्र, पण अंडं एकही नाही. तेव्हा उलगडा झाला. पहिल्या मोठ्या थव्याबरोबर जुनी, अंडी घालणारी राणी जाते. त्यामागून निघणाऱ्या लहान थव्यांत कोवळी राणी असते, आणि मिलनासाठी तिला बाहेर उडावंच लागतं. मी तिची वाटच अडवली होती. गेट काढलं, पण वेळ टळली होती. परवा पाहिलं तर कामकऱ्यांच्या घरांवर फुगीर झाकणं, म्हणजे आत सगळे नरच; मिलन न झालेल्या राणीच्या अंड्यांतून नरच निघतात. फार वाईट वाटलं. राणी काढली आणि मध्ये भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून माश्या दुसऱ्या पेटीत मिसळल्या.

टिकलेला थवा १२ मार्चचा, माझ्याच पेटीतून उठलेला. आदल्या दिवशी पोळ्याच्या खालच्या कडेला नव्या राणीची घरं झाकलेली दिसली होती, म्हणजे हा जुन्या राणीचा पहिला थवा. माश्या कलमी आंब्यावर उंच बसल्या. बांबूला कापडी पिशवी बांधून उतरवल्या. या वेळी गेट नाही. शेजारच्या पेटीतली पांढऱ्या अळ्यांची एक चौकट (पोळं बांधलेली लाकडी फ्रेम), तिच्यावर राणी नाही हे दोनदा बघून, मधोमध ठेवली. पोरं टाकून सातेरी सहसा उठत नाही, हा माझा अनुभव. पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्याही ठेवल्या.

चौथ्या दिवशी नवीन पोळं उजेडात धरलं. घराघराच्या तळाशी एकेक अंडं, शेवयाच्या बारीक तुकड्यासारखं उभं. आज पाच चौकटी भरल्यात. जांभूळ फुललंय, दुपारी दारावर परागाने पाय भरलेल्या माश्यांची रीघ असते. यंदा या पेटीतला मध काढणार नाही, पावसाळ्यासाठी त्यांनाच ठेवणार.

लहान थवा धरलात तर गेट किती दिवस ठेवता? मी आता चौकटीवरच भिस्त ठेवणार आहे.