पाचवा प्रश्न

गाडीची किल्ली हातात होती. धाकट्याला सकाळपासून ताप होता. नवरा अर्धी रजा टाकून घरी थांबला होता आणि मी "साडेपाचपर्यंत पोचतेच" असं कळवूनही टाकलं होतं. दाराशी पोचले आणि फोन वाजला. कान-नाक-घशाचे सर्जन. एरवी आधी खुशाली विचारणारे सर त्या दिवशी थेट म्हणाले, "वीस महिन्यांची मुलगी आहे. अन्ननलिकेत बटन सेल अडकलाय. किती वेळात घेता येईल?"

"लगेच," म्हटलं आणि मागे फिरले.

मी भूलतज्ज्ञ आहे. लहान मुलांना भूल देणं हेच गेली नऊ वर्षं माझं काम. गिळलेल्या वस्तू काढायला येणारी मुलं आम्हाला नवी नाहीत. नाणं गिळलेलं मूल नीट श्वास घेत असेल, लाळ गिळू शकत असेल, तर आम्ही थांबतो. जेवण झालं असेल तर सहा तास, अंगावरचं दूध प्यायलं असेल तर चार तास, पोट रिकामं होऊ देतो, कारण भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. बटन सेलला, म्हणजे रिमोट-खेळण्यांतल्या नाण्यासारख्या चपट्या गोल सेलला, हे घड्याळ लागू होत नाही. तो अन्ननलिकेत अडकला की दोन्ही बाजूंची ओली त्वचा त्याचं सर्किट पूर्ण करते. वीजप्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. रिमोट चालवायला कमी पडणारा, 'संपला' म्हणून काढून ठेवलेला सेलसुद्धा भाजण्यापुरता जिवंत असतो. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. त्यातही 20 मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल सगळ्यात वाईट, कारण तो बरोबर लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकेल एवढाच असतो.

एक्स-रे पाहिला. नाण्याची कड एकच दिसते, इथे कडेच्या आत दुसरं वर्तुळ स्पष्ट होतं. बाजूने घेतलेल्या फोटोत सेलची अरुंद बाजू, म्हणजे ऋण बाजू, पुढे होती. पुढे श्वासनलिका असते.

मुलगी आईच्या मांडीवर होती. हनुवटीवरून लाळ सारखी ओघळत होती, आणि आई ती ओढणीच्या एकाच टोकाने पुन्हा पुन्हा पुसत होती. ते टोक पार भिजून गेलं होतं. आई नोकरीवरून थेट आलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. शेजारी नवरा. आणि दोघांपासून चार पावलं लांब, भिंतीला टेकून, आजी.

मी विचारायचे ते प्रश्न विचारले. कधी गिळला? आजी म्हणाल्या, सव्वाचारच्या सुमारास. केवढा होता? दिव्याच्या छोट्या रिमोटमधला, झाकण जमिनीवर सापडलं. शेवटचं खाणं कधी? चारला, दूधभात. त्यानंतर काही दिलं? मध. घरून निघतानाच त्यांनी कॅज्युअल्टीला फोन केला होता, आणि तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायला सांगितलं होतं. दोनदा देऊन झालं होतं. मला त्या ज्युनिअरचं कौतुक वाटलं. पोट भरलेलं आणि त्यात वर मध, म्हणजे भूल देणाऱ्याची काळजी वाढते हे खरं, पण मधाचा थर सेलभोवती बसतो, अल्कलीचा जोर थोडा कमी होतो आणि हाताशी वेळ उरतो. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील तरच हे करायचं, आणि तेही वाटेत. मध शोधण्यासाठी निघायचं थांबवायचं नाही.

मला लागणारं सगळं या चार उत्तरांत आलं होतं. तरी संमतिपत्र पुढे सरकवताना माझ्या तोंडून पाचवा प्रश्न गेला.

"तेव्हा लक्ष कुणाचं होतं हिच्याकडे?"

आजींनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. "खोलीतच होते मी," एवढंच शेवटी म्हणाल्या, "कपड्यांच्या घड्या करत." मुलीचे वडील बायकोकडे न बघता म्हणाले, "तरी मी सांगत होतो, दोन वर्षं नोकरी सोड म्हणून." आईने ऐकलं. मान वर केली नाही. मी दाखवलेल्या जागी सही केली आणि पुन्हा लाळ पुसली.

गेली कित्येक वर्षं मी हा प्रश्न विचारत आले आहे. माझे वरिष्ठ विचारायचे म्हणून मीही विचारायला शिकले. त्याच्या उत्तराने औषधाचा डोस बदलत नाही, नळीचा आकार बदलत नाही. त्याने फक्त एक माणूस आरोपीच्या जागी उभा राहतो.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जाण्याआधी घरी फोन केला. "ताप?" "एकशे एक. औषध दिलंय." "पाणी पितोय?" "पितोय." "शू झाली?" "झाली तासापूर्वी." "श्वास जोरात चालतोय का?" "नाही." मी माझ्या अकरा महिन्यांच्या मुलाची चौकशी एखाद्या वॉर्डातल्या पेशंटसारखी करत होते. नवऱ्याने मी कधी येणार हे विचारलं नाही. माझ्या आवाजावरून त्याला कळतं.

मुलीला मी आईच्या कुशीतून घेतलं. ओटीच्या दारात हा क्षण रोज येतो आणि रोज अवघड जातो. ती ताणून रडली, मग थकून माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि खांदा लाळेने ओला झाला. तिच्या त्या रडण्यासरशी माझ्या छातीत कळ आली आणि दूध सुटलं. दुपारी बारानंतर पंपाने दूध काढायला सवड झाली नव्हती. बाळाच्या रडण्याचा आवाज कानी पडला की शरीर ऑक्सिटोसिन हे दूध सुटायला लावणारं संप्रेरक सोडतं, ते बाळ आपलंच आहे का हे त्याला कळत नाही. गाऊन समोरून भिजला. सिस्टरने काही न बोलता दुसरा गाऊन आणून मला घातला, मागून नाड्या बांधल्या आणि पाठीवरून एकदा हात फिरवला. त्या हाताला मी विसरणार नाही.

त्यानंतर मात्र दुसरं काही मनात नव्हतं. वजन साडेदहा किलो. एवढ्याशा अंगात सगळं मिळून आठशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. सेलने मोठी रक्तवाहिनी गाठली असेल तर मिनिटांचाही अवधी मिळत नाही, म्हणून रक्त मागवून ठेवलं होतं. सक्शन उजव्या हाताशी. मास्कने ऑक्सिजन, मग शिरेतून औषधं, झोप आणि स्नायू सैल होणं जवळजवळ एकाच वेळी. चार नंबरची नळी पहिल्या प्रयत्नात श्वासनलिकेत गेली. मध वर आला नाही. सरांनी दुर्बीण घातली, चिमट्याने सेलची कड धरली आणि दुर्बिणीसकट हळू बाहेर ओढला. घड्याळात पाच पन्नास. गिळून जेमतेम दीड तास झाला होता, तरी सेलची एक बाजू काळी पडली होती आणि आतल्या त्वचेवर तेवढाच काळा गोल उमटला होता. भोक पडलं नव्हतं. सरांनी सौम्य ॲसेटिक ॲसिडने, म्हणजे पाव टक्क्याच्या द्रावणाने, ती जागा धुतली. नाकातून पोटात नळी घातली आणि मुलीला आयसीयूत हलवलं.

सेल काढला म्हणजे सुटलो असं होत नाही. जखम पुढचे काही दिवस खोल जात राहते, आणि काही आठवड्यांनंतरही रक्तस्राव होऊ शकतो. हे आईबापांना समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. तो मी घाईने उरकला नाही. घरी ताप होता तरीही.

घरी पोचले तेव्हा साडेआठ. धाकटा बापाच्या छातीवर झोपलेला, कपाळ घामेजलेलं, ताप उतरलेला. पाच वर्षांची थोरली तेवढी जागी होती. तिने शाळेत काढलेलं चित्र उशीखाली ठेवलं होतं, ते दाखवलं. मी धाकट्याला पाजायला घेतलं आणि पाजता पाजता माझी नजर त्याच्या गाणाऱ्या खेळण्यावर गेली. बॅटरीच्या खणाला स्क्रू असतो, तसा तो याला होता, पण अर्धा बाहेर आलेला. नखाने फिरला. तो कधीपासून सैल होता? रोज ते खेळणं मीच उचलून ठेवते.

नवऱ्याला म्हटलं तर तो स्क्रूड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसला. खेळणं, दोन रिमोट, वजनकाटा, थर्मामीटर, गाडीच्या किल्लीचं रिमोट. थोरली टॉर्च धरून होती. त्या दिवशी त्या मुलीच्या घरात होतं ते सगळं आमच्याही घरात होतं. आणि तिच्या आजी तर खोलीतच होत्या. मी नव्हते. एका मुलाचा ताप सोडून दुसऱ्याच्या मुलीपाशी थांबता आलं, कारण माझ्या घरी कुणीतरी थांबलं होतं. सांगायचं तर लहान मुलांच्या आईने डॉक्टरकी कशी निभावली याचं माझं उत्तर एवढंच आहे: कुणीतरी थांबलं. कधी नवरा, कधी माझी आई, कधी पाळणाघरातल्या ताई, आणि कधी माझी ड्युटी स्वतःवर घेणारी सहकारी. आणि जे थांबतात त्यांच्या पाठ फिरवण्याचा हिशोब मी हातात संमतिपत्र घेऊन मागत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी आजींना शोधलं. आयसीयूत एका वेळी एकच माणूस सोडतात, त्या बाहेरच्या बाकावर होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आजी, काल मी विचारलं ते विचारायला नको होतं. वेळ आणि सेलचा आकार तुम्ही अचूक सांगितलात, म्हणून ती वेळेत आत गेली." त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्याकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी मुलीची परिस्थिती बरी होती. ती चिडलेली होती आणि नाकातली नळी ओढू बघत होती, हे आम्हाला चांगलं लक्षण वाटतं. आईने मला थांबवलं. आवाज खालचा होता.

"डॉक्टर, तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन. धाकटा अकरा महिन्यांचा."

"मग तुम्ही इथे असता तेव्हा त्यांच्याजवळ कोण असतं?"

मी एकेकाचं नाव सांगितलं. खेळण्याच्या स्क्रूचंही सांगितलं. ती मुलीच्या बोटात स्वतःचं बोट अडकवून बराच वेळ ऐकत राहिली. मग दाराकडे बघून सिस्टरला म्हणाली, "मी बाहेर थांबते. आईंना आत येऊ द्या. चार दिवस झाले, त्यांनी तिला बघितलं नाहीये."