न लागलेलं दही आणि आमचा उकिरडा

गेल्या पौषात आमच्याकडे सलग दोन दिवस दही लागलं नाही. सासूबाईंचं विरजण कधी चुकत नाही, त्यामुळे त्यांनी आधी थंडीला बोल लावला. भांडं चुलीजवळ सरकवलं, गोधडीत गुंडाळलं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. मग माझ्या लक्षात आलं. चंद्रीची कास सुजली होती, दगडीच, आणि तिला तीन दिवस पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती. तिचं दूध आम्ही डेअरीला घालत नव्हतो, पण घरात बादल्यांची अदलाबदल झाली होती. दूध उकळलं म्हणून पेनिसिलिन जात नाही, आणि विरजणातले जिवाणू त्यापुढे टिकत नाहीत.

मी तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ते दूध मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं, दोन चंचुपात्रांत घेतलं, एकात पेनिसिलिनेज या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, थेंब टाकून थोडा वेळ थांबले आणि मग दोन्हींना सारखंच विरजण लावलं. थेंब टाकलेलं संध्याकाळी घट्ट लागलं होतं. दुसरं तसंच पातळ. दरवर्षी फळ्यावर काढते ती गोष्ट, पण त्या दिवशी मुलं उठून टेबलाभोवती आली.

पेनिसिलिनेज ही जिवाणूंचीच कात्री. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं ताणलेलं कडं असतं, औषधाचा सगळा जोर त्यात. ही कात्री ते कडं उघडते आणि औषध निकामी होतं. ऑक्सफर्डच्या एब्राहम आणि चेन यांनी ती १९४० साली दाखवून दिली. तिथं जंतुसंसर्ग झालेल्या पहिल्या रुग्णावर पेनिसिलिनचे उपचार सुरू झाले ते त्यानंतर, १९४१च्या फेब्रुवारीत. म्हणजे औषध दवाखान्यात पोचण्याआधीच त्याचा तोडगा जिवाणूंकडे तयार होता.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, पण गाईच्या अंगातून ते जातं कुठं?"

मुतातून. पेनिसिलिनचा मोठा वाटा न मोडताच मुतावाटे बाहेर पडतो. गोठ्यातून उकिरड्यावर, उकिरड्यावरून वावरात.

आणि वावरात ते खाणारे आहेत! २००८ साली हार्वर्डमध्ये गौतम दंतास आणि सहकाऱ्यांनी अकरा ठिकाणच्या मातीतले जिवाणू घेतले आणि त्यांच्यापुढे अन्न म्हणून फक्त प्रतिजैविकं ठेवली, अठरा प्रकारची. कितीतरी जिवाणू त्यावर वाढले. पेनिसिलिन ते कसं खातात हे २०१८मध्ये उलगडलं: आधी कडं कापायचं, मग दुसऱ्या विकरानं बाजूची साखळी तोडायची आणि ती साखळी खायची. कॅनडात ओंटारिओच्या लंडन गावी एका शेतात वर्षानुवर्षं सल्फामेथाझीन हे जनावरांचं प्रतिजैविक घातलं, तेव्हा तिथली माती ते औषध साध्या मातीपेक्षा लवकर संपवू लागली. त्या मातीत सापडलेला मायक्रोबॅक्टेरियम हा जिवाणू मात्र रेणूचा अर्धाच भाग खातो. दुसरा अर्धा तसाच टाकून देतो.

माझी काळजी इथून सुरू होते. औषध मोडणारी कात्री आणि औषधाला दाद न देणारी कात्री एकच आहे. तिचं जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं, खाणाऱ्याकडून रोग करणाऱ्याकडेही जाऊ शकतं. मातीवर सगळा भार टाकून आपण मोकळं होणं मला पटत नाही. शिवाय सगळी औषधं पेनिसिलिनसारखी मवाळ नसतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक गुरांना सर्रास देतात. गाईच्या अंगात त्यातल्या काहीचं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे आपण माणसं घेतो तेच. हे औषध मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं. उन्हात मोडतं, पण ऊन मातीच्या वरच्या थरापुरतंच.

म्हणून यंदा ताजं शेण वावरात नेलं नाही. पाचटाचा थर, शेणाचा थर, वर मूत शिंपडून छातीइतका ढीग रचला. आठवड्यानं पहाटे त्यातून वाफ निघत होती. पहार खुपसून काढली तर तिला हात लावता येईना. तापमापक घातला: ६१ अंश. अशा गरम ढिगात टेट्रासायक्लिनसारखी औषधं बरीच कमी होतात. एन्रोफ्लॉक्सासिन कमी हटतं, त्यामुळे ते ढिगापर्यंत जाऊच नये हा एकच मार्ग मला दिसतो. आता कास सुजली की सडातल्या दुधाचा नमुना आधी तपासायला जातो आणि मग औषध ठरतं. आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी हे लगेच मान्य केलं, याचं मला फार बरं वाटलं.

ढीग तीनदा पालटून झालाय. सासूबाई रोज सकाळी पहार काढून हातानं अंदाज घेतात. चंद्रीच्या बादलीच्या कडीला त्यांनी तांबडी चिंधी बांधून ठेवलीय.