पांढऱ्या मातीतली घोळ : चांगदेवचा संगम ते केळीचा बांध

भुसावळ सोडलं तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. वरणगाव, मुक्ताईनगर आणि तिथून चांगदेव. मेअखेरीस खान्देशात घोळीसारखी रानभाजी बघायची तर काम दहा-साडेदहाच्या आत उरकायचं. उन्हाचा त्रास आहेच, पण घोळीचं पिवळं फूलही सकाळचं ऊन अंगावर आल्यावर उघडतं आणि दुपारी मिटतं. फूल मिटलं की ओळख पटवायला निम्मा वेळ जास्त जातो.

चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. पूर्णा येते ती अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. हतनूर धरणाचा फुगवटा संगमापर्यंत पोचतो आणि उन्हाळ्यात ओसरतो. मागे राहते ती गाळपेर जमीन. भेगाळलेल्या गाळावर, पायवाटेच्या कडेला, जिथे खाली थोडी ओल आहे तिथे घोळ जमिनीला चिकटून पसरते. अहिराणीत ळचा य होतो, म्हणून इकडे ती घोय.

तिच्याशेजारीच चिवळ असते आणि नवखा माणूस दोन्ही एकाच पिशवीत टाकतो. चालतं, दोन्ही खातात. तरी फरक माहीत असावा. घोळीचं पान चमच्यासारखं, जाड, देठाशी निमुळतं, आणि फुलाला बहुधा पाच पाकळ्या. चिवळीचं पान बारीक, समोरासमोर, पेरांवर पांढऱ्या केसांचा झुपका आणि पाकळ्या चार. चूक महागात पडते ती दुसरीकडे. खापरा नावाचं तण लांबून थेट घोळीसारखं दिसतं, पण खापऱ्याच्या पानांच्या जोडीतलं एक मोठं, एक लहान असतं आणि फूल पांढरट-गुलाबी, देठाच्या बेचक्यात दडलेलं. तो पिशवीत नको. दुधी नावाचं चिकाचं तण तर अजिबात नको. शंका आली की देठ मोडायचा : पांढरा चीक आला तर फेकून द्या, घोळीतून निव्वळ पाणी येतं.

एक बोंड नखावर घेऊन बघा. वरचा भाग डबीच्या झाकणासारखा गोल निघून येतो आणि आत काळ्या, खसखशीहून बारीक बिया. एका झाडावर अशी हजारो बी. म्हणूनच कोळपून घोळ जात नाही. ओल्या जमिनीत तुटलेल्या तुकड्याला मुळं फुटतात, आणि उपटून बांधावर टाकलेल्या झाडावरही बोंडं पिकतात. काढायची तर फुलावर येण्याआधी, कडक उन्हात, आणि शेताबाहेर न्यायची.

संगमावरून पुढे रावेरच्या केळीपट्ट्यात शिरलो. जमिनीतला खार, म्हणजे क्षार, कसा वागतो ते इथे ठिबकच्या नळीपाशी दिसतं. तोटीखालची माती काळी, ओली. तिच्या कडेने वीतभर अंतरावर पांढरं कडं. पाणी क्षार ढकलत बाहेर नेतं आणि ओल जिथे संपते तिथे क्षार मागे सोडून उडून जातं. कड्याच्या आत घोळ हिरवी, लुसलुशीत. कड्यावर तीच घोळ खुजी, खोड लालबुंद, पान लहान पण जाड. सरी-वरंब्यात हाच खार वरंब्याच्या माथ्यावर चढतो. घोळ तग धरते ती अंगातल्या पाण्याच्या जोरावर : मांसल पानात पाणी साठलं की आत आलेलं मीठ पातळ राहतं. पाणी तुटलं की ती दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री कर्बवायू घेते आणि आम्ल करून साठवते. त्यामुळे कोरड्या जागची घोळ पहाटे खुडली तर आंबट, संध्याकाळी खुडली तर सौम्य.

जाता जाता केळीवाल्यांसाठी : पावसाच्या पहिल्या हलक्या सरीत ठिबक बंद करू नका. कड्यावरचा खार त्या सरीने मुळाशी येतो, तो खाली ढकलायला पाणी चालू हवं.

‘घोळ उगवली म्हणजे जमीन खारी’ असं बरेच जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ती उकिरड्यावर, खतावलेल्या भाजीच्या वाफ्यात जास्त जोमाने येते. तिला खार सोसतो, हवाच असतो असं नाही. बाकी तण गेलंय, फक्त लाल, खुजी घोळ उरलीय, असा तुकडा दिसला तर माती तपासा. वरचा पांढरा पापुद्रा खरवडून बाजूला करा, वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्या, आठ-दहा जागची माती मिसळून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. संपृक्त अर्काची (भिजवलेल्या मातीतून गाळलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. चर काढून गोड्या पाण्याने धुवावी लागते. सामू ८.५च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण. तिला जिप्सम लागतं. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्सम ओतणं म्हणजे पैसे मातीत.

खुडताना सांडपाण्याचा नाला आणि तणनाशक मारलेला बांध टाळा. शेंड्याकडची चार बोटं घ्या. पाणी तीनदा बदलून धुवा, वाळू पानांच्या बेचक्यात बसते. अर्धा किलो घोळीला एक लहान वाटी शिजलेली तूरडाळ, दहा-बारा लसूण पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या. झाकण न ठेवता परतायची, नाहीतर बुळबुळीत होते. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि दही. दही चवीपुरतं नाही : घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं आणि दह्यातलं कॅल्शियम ते बांधून ठेवतं. मुतखडा झालेल्यांनी तरीही लांबच राहावं. मीठ अगदी शेवटी, चव घेऊन. कड्यावरच्या घोळीला ते कमीच लागतं.