आधी वार बघा, मग मॅप उघडा

ट्रिप ठरली की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करायला बसतात. ग्रुपवर रील्सचा पाऊस पडतो, मग कुणीतरी उत्साही माणूस गूगल मॅपवर पिना टोचतो, अंतरं मोजतो आणि जाहीर करतो की पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते, झालं. मला ही पद्धत अगदी उलटी वाटते. नुसतं समुद्रावर जाऊन लोळायचं असेल तर चालेल हो, पण लेणी, राजवाडे, म्युझियम, धबधबे असं सगळं एकाच ट्रिपमध्ये बसवायचं असेल तर अंतर हा नंतरचा प्रश्न. आधी हे बघायचं की ते ठिकाण कुठल्या वारी बंद असतं आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, वर्षाच्या कुठल्या महिन्यात बघण्यासारखं असतं.

वाराचंच घ्या. ताजमहाल शुक्रवारी बंद. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, आणि ही दोन्ही लोक जोडीनंच करतात. म्हणजे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केलंत तर मजेत, पण क्रम फिरवलात की सलग दोन दिवस बंद गेटचे फोटो काढून परत! पॅरिसला लूव्र म्युझियम मंगळवारी बंद आणि ओर्से म्युझियम सोमवारी. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या रविवारी प्रवेश फुकट, त्यामुळे त्या दिवशीची रांग कशी असेल ते सांगायला नको. मी तरी फुकटच्या नादाला लागणार नाही.

याच्या उलटही असतं, म्हणजे काही गोष्टी ठरावीक दिवशीच दिसतात. म्हैसूरचा राजवाडा दिव्यांनी उजळलेला बघायचा तर रविवारची किंवा सरकारी सुट्टीची संध्याकाळ गाठावी लागते. ताजमहाल रात्री बघता येतो, पण पौर्णिमा आणि तिच्या आधीचे-नंतरचे दोन दोन दिवस, तेही शुक्रवार आणि रमजान सोडून. आता हे आधी माहीत असेल तर अख्खी ट्रिप दोन दिवस पुढे सरकवणं काहीच अवघड नसतं. तिकिटं काढून झाल्यावर कळलं तर मात्र नुसतं हळहळायचं.

तिकिटावरून आठवलं, आता बऱ्याच मोठ्या जागांना नुसता दिवस पुरत नाही, तास पण ठरवून द्यावा लागतो. स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा या किल्ल्यामध्ये नासरीद सुलतानांच्या राजवाड्यांची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की बाकीचा परिसर हिंडा खुशाल पण जे बघायला एवढ्या लांब आलात ते राहिलंच. मिलानमध्ये लिओनार्डोचं 'लास्ट सपर' बघायला पंधरा मिनिटं मिळतात, थोडे थोडे लोक आत सोडतात आणि बुकिंग खूप आधी करावं लागतं. पेरू देशातल्या माचू पिचू या इंकांच्या जुन्या नगरीत आत जायची वेळ ठरलेली आणि आत कुठल्या रस्त्यानं फिरायचं तेही ठरलेलं. आणि जे चालत इंका ट्रेलनं जाणार असतील त्यांनी फेब्रुवारी विसरायचा, तो ट्रेल दर फेब्रुवारीत बंद ठेवतात.

म्हणून माझा क्रम असा, की आधी या खुंट्या ठोकायच्या आणि बाकीचं सगळं त्यांना टांगायचं. लोक काय करतात, स्वस्त विमान दिसलं की घेऊन टाकतात, मग हॉटेल, आणि सगळ्यात शेवटी तिकिटाची साइट उघडतात तेव्हा नेमका आपल्याच तारखांना स्लॉट नसतो. विमानात वाचलेले पैसे मग तिथे महागडी गाइडेड टूर घेण्यात जातात, हिशोब तोच.

आता उजेड. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कंबोडियातल्या अंगकोर वाट देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. पहाटे सगळी दुनिया तिथे तळ्याकाठी उभी असते कारण सूर्य देवळाच्या मागून उगवतो, दृश्य भारी असतं, वाद नाही, पण तेव्हा देऊळ म्हणजे काळी आकृती. समोरच्या दगडावर ऊन यायला दुपार उलटावी लागते. वेरूळचं कैलास लेणंही पश्चिमेकडे तोंड करून आहे, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला, त्यामुळे मी दुपारनंतरच जाईन. कोणार्क पूर्वेला तोंड करून, सूर्याचंच देऊळ ते, तिथे सकाळी. हे नुसतं फोटोसाठी नाही हं. कोरीव काम उठून दिसतं ते तिरप्या उन्हात, भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात तेच शिल्प सपाट वाटतं आणि माणूस म्हणतो, एवढं काय आहे यात.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी, तिथली चित्रं आत अंधारात आहेत. दगडावर मातीचा गिलावा देऊन त्यावर रंगवलेली, उजेड मुद्दाम कमी ठेवलेला, फ्लॅशला बंदी. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलात की पहिली काही मिनिटं नीट काहीच दिसत नाही, आणि नेमकी तेवढ्याच वेळात बरीच मंडळी एक चक्कर मारून बाहेर पडतात. थांबा की जरा! डोळे सरावले की मग बोधिसत्त्व पद्मपाणीचं ते प्रसिद्ध चित्र दिसायला लागतं. पाय दमायच्या आधी १, २, १६ आणि १७ नंबरची लेणी करून घ्या, चित्रांचा खजिना मुख्यतः तिथे आहे.

इजिप्तमध्ये अबू सिंबेलच्या देवळात २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्यकिरण थेट गाभाऱ्यापर्यंत जातात आणि तिथल्या चारपैकी तीन मूर्ती उजळतात, चौथी प्ताह देवाची, ती अंधारातच राहते. ज्यांना हे बघायचंय त्यांनी ट्रिप याच तारखेभोवती आखावी, आणि ज्यांना नाही त्यांनी त्या आठवड्यात तिकडे फिरकू पण नये. सणांबद्दल पण माझं हेच मत आहे. सणासाठी जायचं तर सणासाठीच जा, नाहीतर तो टाळा, मधलं काही नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्या महिन्यात कित्येक देशांत वेळापत्रकं बदलतात, त्यामुळे 'मागच्या वर्षी मार्चमध्ये गेलो होतो, काही प्रॉब्लेम नव्हता' या सल्ल्याला काही अर्थ नसतो.

निसर्गाच्या बाबतीत तर महिना चुकला की सगळंच चुकलं. आफ्रिकेत झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याला एप्रिलच्या आसपास पाणी भरपूर, इतकं की तुषारांच्या ढगात धबधबाच दिसत नाही, नुसते भिजून परत. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा. म्हणजे मधले महिने बरे. जोगचा धबधबा २५३ मीटर उंच, पण वर लिंगनमक्की धरण आहे, उन्हाळ्यात गेलात तर बारीक धारा बघून याल. कास पठारावरची फुलं साधारण सप्टेंबरची, थोडं मागेपुढे पावसाच्या मर्जीवर. फ्रान्समधलं माँ सां मिशेल हे किनाऱ्याजवळचं बेट पाण्यानं वेढलेलं बघायचं तर मोठ्या भरतीचा दिवस शोधावा लागतो, रोजच्या भरतीला तसं होत नाही.

उंचीचं पण बघा. माचू पिचू सुमारे २४०० मीटरवर आहे पण त्याआधी लोक ज्या कुस्कोमध्ये उतरतात ते ३४०० मीटर, म्हणजे त्रास बघायच्या जागी होत नाही, राहायच्या जागी होतो. खाली दरीतल्या गावात आधी राहून मग कुस्को केलेलं शरीराला सोपं जातं. लेह ३५०० मीटर, तिथे विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस प्लॅनमध्ये काही लिहूच नका, जॉर्डनमधल्या पेट्रासारख्या ठिकाणी तर उंची नाही पण तिथल्या खडकात कोरलेल्या 'मॉनेस्ट्री' या वास्तूपर्यंत सुमारे ८०० पायऱ्या आहेत, सोबत आई-बाबा असतील तर तो अख्खा दिवस त्यातच जाणार असं धरा.

आणि एक मोकळा अर्धा दिवस ठेवाच, पण तो शेवटच्या दिवशी नको, मध्ये कुठेतरी. पाऊस लागला, बस चुकली, कुठे दुरुस्तीसाठी भाग बंद निघाला तर त्यात भरून काढता येतं. शेवटच्या दिवशीचा मोकळा वेळ तसाही बॅगा भरण्यात आणि एअरपोर्टला कधी निघायचं यावर वाद घालण्यात जातो.