आमची वाटचाल : भोसरीतून सोलापूरला जाण्याचा हिशेब

आमचं काम जॉबवर्कचं. पुण्याजवळच्या भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यात चार सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल भाग घासून मापात आणणारं मशीन). बुश, पिन, स्पूल, फ्लँज असे यंत्रांचे सुटे भाग, म्हणजे आमच्या भाषेत जॉब. माल पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाईकाचा, मशिनिंग आमचं. सुरुवात एका ऑल-गिअर लेथवर झाली. मशीन वाढत गेली, गाळा तेवढाच राहिला. आता नवं मशीन ठेवायला जागा नाही आणि करार संपला की भाडं चढतं. म्हणून सोलापूरचा विचार सुरू आहे.

सोलापूरचं नाव काढलं की लोक आधी बंद गिरण्या मोजून दाखवतात. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्यांची धुरांडी थंड झाली. २००१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती, २०११ला ९ लाख ५१ हजार. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के वाढ. शिकलेली पोरं पुण्याची गाडी धरतात. हे सगळं खरं आहे. पण त्याच शहरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट बनतात, किर्लोस्कर फेरसची फाउंड्री चालते, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी अशा एमआयडीसी आहेत. उतरणीला लागला तो कापडाचा धंदा. आपल्या धंद्याला लागणारं तिथे काय शिल्लक आहे, हे वेगळं तपासावं लागतं, आणि ते रिकाम्या शेडच्या भाड्यावरून अजिबात कळत नाही.

आमचा पहिला हिशेब भाड्याचा नव्हता, किलोमागे मशिनिंगच्या मिनिटांचा होता. पुणे ते सोलापूर अंतर साधारण २५० किलोमीटर. कच्चा माल जायचा आणि तयार माल परत यायचा, म्हणजे वाहतूक दुहेरी. समजा, गाडीत ३ टन माल आहे. २०० ग्रॅमचा बुश असेल तर १५,००० नग होतात. नगाला ३ मिनिटं धरली तर ७५० तास मशीन चालतं. तोच ३ टन माल ५ किलोच्या फ्लँजचा असेल तर ६०० नग, आणि नगाला २ मिनिटं धरली तर २० तासांत संपला. दोन्ही गाड्यांचं भाडं एकच. बुशच्या बाबतीत ते ७५० तासांवर वाटलं जातं, फ्लँजच्या बाबतीत २० तासांवर. म्हणून आम्ही आमचे सगळे जॉब किलोमागे मिनिटं काढून उतरत्या क्रमानं लावले. वरचे जॉब कुठेही नेता येतात. खालचे जॉब पार्टीच्या गेटपासून लांब नेले की भाड्यात वाचलेला पैसा डिझेलमध्ये जातो.

वीजदराच्या आशेवर कुणी जाऊ नये. भोसरीही महावितरणकडे आणि सोलापूरही महावितरणकडे. एकाच वर्गवारीला दर एकच. यंत्रमागाला असलेली सवलत मशिन शॉपला लागू नाही. फरक पडतो तो विजेच्या दर्जात. एखाद्या वसाहतीत निम्मे कारखाने बंद असतील तर ट्रान्सफॉर्मरवर लोड कमी राहतो आणि व्होल्टेज चढं मिळतं. रविवारी शेजारचे माग थांबले की ते आणखी चढतं, सोमवारी सगळे एकदम चालू झाले की पडतं. मशीनच्या मोटर चालवणारे ड्राइव्ह जळतात ते अशा वेळी. शेड ठरवण्याआधी मीटरजवळ डेटा लॉगर लावून पूर्ण आठवडा तिन्ही फेजची नोंद घ्यावी, त्यात रविवारची रात्र आलीच पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज २ व्होल्टच्या आत हवं. जुना अर्थ पिट सुकलेला असतो. मशीनसाठी स्वतंत्र पिट काढून रेझिस्टन्स मोजून घ्यावा.

सगळ्यात जास्त काळजी आम्हाला वाटते ती आजूबाजूच्या सेवांची. भोसरीत इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची बदलती टोकं) संपले तर तासाभरात मिळतात. इंडक्शन हार्डनिंग, प्लेटिंग, वायरकट, गेज कॅलिब्रेशन, स्पिंडल दुरुस्ती हे सगळं टेम्पोच्या एका फेरीत होतं. उद्योग उतरत्या शहरात हेच धागे आधी तुटतात. मोठा कारखाना बंद झाला की बातमी होते. टूल रीग्राइंडिंगचं दुकान बंद झालं की कुणाला पत्ता लागत नाही, पण लहान कारखान्याचं काम अडतं ते तिथे. म्हणून प्रत्येक जॉबचा प्रोसेस फ्लो समोर ठेवून, बाहेर जाणारं प्रत्येक ऑपरेशन तिथे कोण करतं, किती दिवसांत करतं आणि कडकपणाचा रिपोर्ट देतं का, हे विचारत जायचं. फक्त ‘होतं’ असं उत्तर चालत नाही. आपलेच नग देऊन करून घ्यायचे. केस हार्डनिंगला (फक्त बाहेरचा थर कडक करायला) दिलेल्या पिनांमधली एक कापून केस डेप्थ, म्हणजे त्या थराची खोली, पाहायची आणि बाकीच्यांची वाकण डायल गेजवर मोजायची. वाकण ग्राइंडिंगच्या अलावन्सपेक्षा (घासण्यासाठी जादा ठेवलेल्या मापापेक्षा) जास्त आली तर तो जॉब तिथे होणार नाही, मग दर कितीही कमी असो.

सुटे भागही जवळ ठेवावे लागतील. २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा संच), ड्राइव्हचा पंखा, प्रॉक्सिमिटी स्विच, सोलेनॉइडची कॉइल, कॉन्टॅक्टर, स्पिंडलचा बेल्ट, ल्युब पंप, कूलंट पंपाचं सील. यातलं एकही महाग नाही. पण एक नसलं की मशीन उभं राहतं आणि सर्व्हिस इंजिनिअरचा प्रवासखर्च भागाच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

शेड पाहताना माग चाललेली शेड स्वस्त मिळते म्हणून भुलायचं नाही. तिथली जमीन मागाच्या हिशेबानं केलेली असते. चार-पाच इंचांच्या कोब्यावर पाच-सहा टनांचं व्हीएमसी ठेवलं की कोबा एका बाजूला दबतो, लेव्हल जाते आणि बोअर (जॉबमधली भोकं) टेपर यायला लागतात. एका कोपऱ्यात कोअर काढून जाडी पाहावी. नवं फाउंडेशन घातलं तर काँक्रीटला २८ दिवस द्यावेत. शेजारी माग चालत असतील तर हवेत कापसाचा तंतू असतोच. तो पॅनेलच्या फिल्टरवर आणि स्पिंडल चिलरच्या जाळीवर नमदा धरतो. वरून पाहिलं तर फिल्टर फक्त मळका दिसतो. बाहेर काढून उजेडासमोर धरला की आरपार काहीच दिसत नाही. हवा अडते, पॅनेल तापतं, ड्राइव्ह ओव्हरहीटचा अलार्म देतो आणि लोक ड्राइव्ह बदलतात. अशा शेडमध्ये फिल्टर आठवड्याला झटकायचाच. डाइंगचं प्रोसेस हाउस लागून असेल तर मात्र ती शेड सोडून द्यावी. त्या वाफेनं फिनिश झालेल्या जॉबवर रात्रीत गंज धरतो.

सोलापूरचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ६० मिलिमीटरचा बोअर १२ अंशांच्या फरकात सव्वाआठ मायक्रॉन सरकतो, आणि या मापाला एच७ टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आहे फक्त ३० मायक्रॉन. जॉब आणि गेज दोन्ही पोलादी आणि एकाच तापमानाला असतील तर फरक कटून जातो. घोटाळा होतो तो एसीच्या खोलीतला गार गेज मशीनवरून उतरलेल्या गरम जॉबला लावल्यावर. गेज मशीनजवळ ठेवायचा किंवा जॉब खोलीत निवू द्यायचा, दोन्हीपैकी एकच पद्धत धरायची.

पाण्याची तपासणीही याच यादीत. कूलंटला (कापताना जॉब गार ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाला, म्हणजे इमल्शनला) साधारण ८० ते १२५ पीपीएम कठीणतेचं पाणी मानवतं. बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी याच्या बरंच वर असतं. टाकीतून उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. रोज तेच पाणी भरलं तर क्षार साठतात, इमल्शन फुटतं, तेल वर तरंगतं. छोटा आरओ बसवला की प्रश्न मिटतो.

मशीन हलवण्याचं काम घाईनं केलं तर ते पुढे कित्येक महिने छळतं. आधी पॅरामीटर, लॅडर (मशीनचं नियंत्रण लॉजिक), ऑफसेट (हत्याराच्या मापाच्या दुरुस्त्या), प्रोग्राम यांचा बॅकअप, तोही दोन ठिकाणी. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षाची जागा लक्षात ठेवणाऱ्या सेन्सरची) बॅटरी कंट्रोल चालू असतानाच बदलायची. पॉवर बंद असताना ती काढली तर होम पोझिशन जाते आणि रेफरन्स नव्यानं बसवावा लागतो. कूलंट आणि हायड्रॉलिक तेल उपसायचं, अक्षांना ट्रान्सपोर्ट ब्रॅकेट लावायचे. ब्रॅकेट हरवले असतील तर बनवून घ्यायचे, लाकडी ठोकळ्यांवर भागवायचं नाही. नव्या जागी वीज जोडल्यावर सगळ्यात आधी हायड्रॉलिक पंप कुठल्या दिशेनं फिरतो ते पाहायचं. फेज उलटे असतील तर तो उलटा फिरतो आणि जॉब धरणाऱ्या चकला प्रेशर येत नाही. मग ०.०२ मिलिमीटर प्रतिमीटरच्या स्पिरिट लेव्हलनं लेव्हल, व्हीएमसीवर बॉलबार (अक्षांची अचूकता तपासणारी चाचणी), आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लेव्हल.

कागदांचं थोडक्यात. मशीन बँकेकडे तारण असतील तर आधी बँकेची परवानगी, मग ट्रान्झिट विमा आणि आगीच्या पॉलिसीत नवा पत्ता. राज्य एकच असल्यानं जीएसटीत अतिरिक्त जागा जोडता येते. मशीन नेताना डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि पोटभाड्यानं द्यायलाही महामंडळाची परवानगी लागते. मालकाकडे ती नसेल तर आपल्या नावानं वीज आणि प्रदूषण मंडळाची संमती दोन्ही अडतात. राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचा लाभ तालुक्याच्या गटावर ठरतो आणि पैसा उशिरा येतो. वापरलेली मशीन पात्र गुंतवणुकीत धरली जातील असं गृहीत न धरता लेखी विचारावं. आम्ही ही रक्कम हिशेबात शून्य धरली आहे.

पार्टीची मंजुरी हा वेगळा मुद्दा. वाहन उद्योगाच्या पुरवठ्यात उत्पादनाची जागा बदलली की पार्टीला आधी कळवून पीपीएपी (भागाच्या मंजुरीसाठीची कागदपत्रं आणि नमुने) पुन्हा सादर करावं लागतं. मंजुरी येईपर्यंत जुन्या जागेतूनच माल द्यायचा. म्हणजे दोन भाडी आणि साठा करण्यासाठी ओव्हरटाइम. हा खर्च बहुतेकांच्या कागदावर नसतोच.

माणसांबाबत आम्हाला सोलापूरची खात्री वाटते, आणि हे आम्ही मनापासून लिहितो. वालचंद इन्स्टिट्यूट, शासकीय तंत्रनिकेतन, आयटीआय यांतून मुलं दरवर्षी बाहेर पडतात. पुण्यात खोली घेऊन राहणारे तिकडचे ऑपरेटर आपल्या घरी राहता येत असेल तर परत यायला तयार असतात. आपण पगार कमी देऊ, असा विचार करून मात्र जाऊ नये. खोलीभाडं वाचतं ते त्यांचं आहे. मागावरचा जॉबर (मागांची देखभाल करणारा) सीएनसी सेटर (मशीनवर हत्यारं आणि मापं लावणारा) होईलच असं नाही, पण टायमिंग, बेअरिंगचा आवाज, शाफ्टचा प्ले त्याला हाताला कळतो. मेंटेनन्सला असा माणूस आम्हाला हवा आहे. खरी टंचाई आहे ती अनुभवी सेटरची. पहिला सेटर भोसरीतून न्यावा लागेल आणि त्याच्या कुटुंबाच्या होकारावर तारीख ठरेल.

या सगळ्यावरून ठरलं ते असं. पहिल्या टप्प्यात दोन टर्निंग सेंटर चिंचोळीला भाड्याच्या शेडमध्ये, फक्त बुश आणि छोट्या पिनांसाठी. आमच्या यादीत त्यांचीच किलोमागे मिनिटं सगळ्यात जास्त आहेत. फ्लँज, स्पूल आणि दोन्ही व्हीएमसी भोसरीतच. ग्राइंडरही सध्या इथेच, त्यामुळे हार्डनिंग लागणाऱ्या पिना तिकडे टर्न होऊन परतीच्या गाडीनं इथे येतील. तिकडच्या हीट ट्रीटमेंटच्या सलग काही लॉटमध्ये केस डेप्थ आणि वाकण ड्रॉइंगच्या आत राहिली, तर पुढचं मशीन म्हणून ग्राइंडर जाईल.