हॅनिबल सोडून गेलेली माणसं

रविवार, रात्री

काल आईला घेऊन इथे अमेरिकेत, मिसूरीतल्या हॅनिबलला जाऊन आलो. सेंट लुईसहून मिसिसिपीच्या कडेकडेने वर दोनेक तास. १७ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आणि त्यातलं निम्मं तरी लेखक मार्क ट्वेनच्या नावावर चालतं, गुहा त्याची, बोट त्याची, आणि त्याच्या लहानपणच्या घराशेजारी त्याच्या कादंबरीतल्या टॉम सॉयरचं ते पांढरं कुंपण, तिथे बादली नि ब्रश ठेवलेलाच असतो, हातात घ्या नि फोटो काढा. आईने काढला. १९५६ पासून दरवर्षी सातवीतली मुलं निवडून त्यांना गावचे ऑफिशियल टॉम आणि त्याची मैत्रीण बेकी करतात म्हणे.

आई सगळं बघत होती आणि मग म्हणाली, "हा इथे राहिला किती वर्षं?"

चार वर्षांचा असताना आला आणि १८५३ मध्ये सतराव्या वर्षी गेला. जन्मसुद्धा इथला नाही, जवळच्या फ्लोरिडा नावाच्या खेड्यातला.

"मग गेलेल्या माणसाचंच एवढं कौतुक होय!"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कारण इथले बाकीचे नामवंत पण बघा ना. टायटॅनिकवाली मॉली ब्राउन हॅनिबलची, जन्म १८६७, आयरिश मजुराची मुलगी, छोटंसं घर अजून जपून ठेवलंय. अठराव्या वर्षी कोलोराडोतल्या खाणींच्या गावात गेली, तिथे लग्न केलं आणि पुढे नवऱ्याच्या कंपनीला सोनं लागलं. १९१२ मध्ये सहा नंबरच्या लाइफबोटीत बसून वल्ही मारली, आणि मला जास्त भारी वाटतं ते पुढचं, वाचवायला आलेल्या जहाजावरच तिने सर्वस्व गेलेल्या बायकांसाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. हयातीत तिला कोणी मॉली म्हणतच नव्हतं, मॅगी म्हणायचे, पण नंतर नाटक-सिनेमावाल्यांनी ठरवलं की झालं.

बिल लिअर पण इथलाच, जन्म १९०२, लहानपणीच शिकागोला गेला. आठवीपर्यंत शिकलेला माणूस, गाडीतला रेडिओ, विमानाचा ऑटोपायलट, एट-ट्रॅक टेप या सगळ्यात हात, आणि १९६३ मध्ये त्याचं छोटं खाजगी जेट विमान, लिअरजेट, उडालं ते कॅन्ससमधल्या विचिटातून.

आणि क्लिफ एडवर्ड्स. याच्यावर मी रस्ताभर बोलत होतो, आई मध्येच झोपली. जन्म १८९५, पोरसवदा वयातच सेंट लुईसला पळाला, दारूच्या गुत्त्यांमधून गायचा, युकुलेले या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर. १९२० च्या दशकात त्याच्या रेकॉर्ड धडाधड खपायच्या. डिस्नेच्या पिनोकिओतला तो रातकिडा, जिमिनी क्रिकेट, त्याचा आवाज याचा, त्यातल्या १९४० च्या 'व्हेन यू विश अपॉन अ स्टार' या गाण्याला ऑस्कर मिळालं, अजूनही डिस्नेचा सिनेमा सुरू होताना त्याची धून वाजते. पण पैसा सगळा दारू, जुगार आणि घटस्फोटांत गेला. १९७१ मध्ये वारला तेव्हा प्रेत घ्यायला कोणी आलं नाही म्हणून ते मेडिकल कॉलेजला दिलं गेलं, नंतर कलाकारांच्या मदत निधीने अंत्यसंस्कार केले, दगड डिस्नेने बसवला. गावात याचं नाव मला कुठे ठळक दिसलं नाही. रातकिड्याचा एखादा पुतळा चालला असता की.

एक योगायोग मात्र मजेशीर आहे. १९०२ च्या उन्हाळ्यात म्हातारा ट्वेन शेवटचा हॅनिबलला आला, त्यानंतर महिन्याभरात लिअर जन्मला, आणि क्लिफ तेव्हा सात वर्षांचा होत आलेला, म्हणजे गर्दीत कुठेतरी असेलही, कोणास ठाऊक.

आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर लॉरा हॉकिन्स. ट्वेनच्या घरासमोर राहायची, बेकी थॅचर तिच्यावरूनच बेतली. लग्न होऊन बाहेर गेली, नवरा वारल्यावर परत आली आणि निराधारांसाठीचा आश्रम तिने चालवला. १९२८ पर्यंत जगली. म्हणजे गावासाठी खरोखर राबलेली बाई ही, पण टुरिस्टांना ती ठाऊक आहे ती शाळकरी पोर म्हणून. मला हे जरा खटकलंच.

ट्वेनलाही ते गाव काही सुटलं नव्हतं. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत होता, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, आता ज्याला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात आणि जे टेकू लावून उभं आहे. तिथे एका जर्मन माणसाने एका हिंदुस्थानी नोकराच्या थोबाडीत मारली, नोकराने मुकाट सोसली, आणि ते बघून ट्वेन क्षणात मिसूरीतल्या आपल्या गावात पोचला. गुलामांना असंच मारायचे हे त्याला आठवलं, आणि दहा वर्षांचा असताना बघितलेलं एक प्रकरण, मालकाने चिडून लोहखनिजाचा दगड फेकला, गुलामाच्या डोक्याला लागला, तासाभरात तो मेला. हे त्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय, आमच्या व्हीटीपासून चालत जाता येईल अशा हॉटेलात आठवलेलं.

आईला हे संध्याकाळी चहा घेताना सांगितलं. ती म्हणाली, मग त्या माणसांचं काय दाखवलं रे तिथे? तर हॅनिबलच्या काळ्या लोकांच्या इतिहासाचं एक छोटं म्युझियम २०१३ पासून आहे, ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' कादंबरीतल्या जिम या गुलामाच्या नावाने. ते काल बघायचंच राहिलं. पुढच्या खेपेला सुरुवात तिथूनच करायची असं ठरलंय, आणि आईचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं आहे, तेव्हा लवकरच.