जळमटातला काडीपैलवान

घट बसायला चार दिवस उरले की आमच्या घरात एक काठी फिरू लागते. काठी म्हणजे पडद्याचा जुना दांडा, त्याच्या टोकाला फुलझाडू आणि झाडूवर गुंडाळलेलं सासूबाईंचं विरलेलं पातळ. हे अवजार त्यांनी स्वतः बांधलेलं आहे. बाजारातले लांब दांड्याचे ब्रश त्यांना मंजूर नाहीत. त्यांच्या मते ते जळमट काढत नाहीत, इकडचं तिकडे करतात.

यंदा त्यांचे गुडघे कुरकुरत होते म्हणून काठी माझ्या हातात आली. सुरुवात बाथरूमपासून. गिझरच्या वर, पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथल्या कोपऱ्यापर्यंत झाडू नेला आणि तो कोपराच थरथरायला लागला. तिथे जे काही लटकलेलं होतं ते इतक्या वेगानं गरगर हलत होतं की त्याला आकारच उरला नव्हता, नुसता राखाडी धुरकट डाग. मी काठी खाली घेतली. डागाचा वेग ओसरला आणि त्याला एकेक करून पाय फुटले.

"आई, इथे कोळी आहे."

"मग? जळमटात काय चिमणी असणार?"

बरोबर होतं त्यांचं. पण खरं सांगायचं तर जळमट कोणीतरी विणलेलं असतं हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. धूळ साचते, ओल येते, तसं जळमट धरतं, एवढंच. कोळिष्टक म्हटलं तर त्या शब्दात निदान कोळी दिसतो. जळमट म्हटलं की तोही गेला, उरला फक्त केर. चाळीस वर्षं मी घरं झाडली आणि घरमालक एकदाही पाहिला नाही!

म्हणून स्टूल घेतलं, चढले, मोबाइलचा टॉर्च लावला.

धड म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढं. पाय मात्र भलतेच लांब, आणि केसासारखे बारीक. पायांवर तपकिरी ठिपके आणि सांध्यांपाशी एक गडद, एक पांढरं असं कडं, चाळीतल्या मुलांच्या क्रिकेटच्या स्टंपला टेप गुंडाळलेली असते तसं. स्वारी उलटी लटकलेली, पोट छताकडे. बाजूनं पाहिलं तर पोट गोल नाही. मागच्या बाजूला ते एकदम चौकोनी होतं आणि वरच्या कोपऱ्याला बोथट टोक येतं. ओळखायची खूण हीच. घरात लांब पायांचे कोळी आणखीही असतात, पण त्यांचं पोट शेंगेसारखं लांबट किंवा मण्यासारखं गोल असतं. टोक आलं की हाच.

फोटो दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हा होय! काडीपैलवान. आमच्या चिपळूणच्या घरी माळ्यावर ढिगानं असायचे. आप्पांनी ठेवलेलं नाव."

शास्त्रातलं नाव क्रॉसोप्रायझा लायोनी. जॉन ब्लॅकवॉल नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १८६७ साली त्याचं पहिलं वर्णन केलं, तेही आपल्याकडून गेलेल्या नमुन्यांवरून. 'लायोनी' हे ते नमुने गोळा करणाऱ्या लायनसाहेबाच्या आडनावावरून आलं. सिंहाशी संबंध नाही, आणि हे प्राणी पाहिल्यावर कोणाला तशी शंकाही येणार नाही. मला विचाराल तर आप्पांचं नाव जास्त शास्त्रीय आहे. काडी आहे, आणि अंगावर कोणी आलं की पैलवानासारखं घुमणंही आहे. ते थरथरणं म्हणजे त्याचा बचाव. नेम धरायला आकारच ठेवायचा नाही!

घरात कोळ्यांचे इतरही प्रकार आहेत. टीव्हीच्या पडद्यावर टुणकन उडी मारून कर्सरचा पाठलाग करणारा बुटका, मान वळवून आपल्याकडे बघणारा. आणि पावसाळ्यात एखाद्या रात्री कपाटामागून निघणारा तळहाताएवढा चपटा, जो जाळं विणत नाही, झुरळं मारतो आणि ज्याला पाहून आमचे हे पलंगावर चढतात. त्या दोघांना रुबाब आहे. काडीपैलवानाला तो नाही. कोपरा सोडून तो फारसा कुठे जात नाही.

त्याच्या जाळ्यालाही रुबाब नाही. बागेतल्या कोळ्याचं चक्राकार जाळं दवात भिजलं की कॅलेंडरवर जातं. ह्याचा नुसता गुंता, लोकरीचा गुंडा मांजराच्या तावडीतून सुटावा तसा. मुंडकोपनिषदात 'यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च' असं म्हटलंय. कोळी जसा आपल्यातूनच धागा काढतो आणि परत आत घेतो, तसं अक्षरापासून, म्हणजे अविनाशी ब्रह्मापासून, हे विश्व होतं. ज्यानं कोणी हे लिहिलं त्यानं अंगणातला चक्रवाला कोळी नीट पाहिला असणार, कारण त्यातले बरेचसे खरोखर जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात. दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत ऊर्णनाभी आहे तो ह्याच गुणावर. आमच्या बाथरूममधल्याला मात्र गुरुपद मिळणं कठीण. हा 'सृजते' करतो, 'गृह्णते' करत नाही. जुन्या गुंत्यावरच नवे धागे ओढत राहतो. जुन्यावर धूळ बसते, धूळ बसली की धागा दिसायला लागतो, आणि आपण त्याला जळमट म्हणतो. थोडक्यात, ताजं असतं तेव्हा ते कोणाला दिसत नाही आणि दिसतं तेव्हा त्यातलं बरंचसं शिळं झालेलं असतं.

गुंत्यात आणखी चार-पाच कोळी टांगलेले दिसले. पांढुरके, पाय आखडलेले, फुंकर मारली की हलणारे. मेले बिचारे, असं म्हणून मी हळहळले. मग झूम केलं तर ते आतून पोकळ. त्या काती होत्या. साप टाकतो तशी कात कोळीही वाढताना टाकतो, पायांच्या मोज्यांसकट. एकाच प्राण्याचे लहानपणापासूनचे सगळे कपडे त्याच्याच घरात लोंबत होते. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मुलाची झबली आहेत, त्यामुळे मी काही बोलले नाही.

आणि तेव्हाच दिसलं की त्याच्या तोंडात काहीतरी आहे. फिकट गुलाबी, मोहरीहून लहान दाण्यांचा घोस. भक्ष्य वाटलं, पण ती अंडी होती. दोन-चार धाग्यांनी जेमतेम बांधलेली, इतकी की प्रत्येक अंडं वेगळं मोजता यावं. मी मोजायचा प्रयत्न केला. एकवीसपर्यंत आले आणि स्टूल डुगडुगलं. ह्या कुळातल्या माद्या अंडी अशीच जबड्यात धरून फिरतात, पिल्लं बाहेर येईपर्यंत. तोंड अडलेलं असल्यामुळे तेवढे दिवस खाणंपिणं जवळजवळ बंदच.

म्हणजे तो नव्हताच, ती होती. आता तिला म्हणायचं काय? कोळीण म्हटलं की डोळ्यांसमोर पाटी घेतलेली, पापलेटाचा भाव एका पैशानं न उतरवणारी बाई उभी राहते. दोघींकडे जाळं आहे हे खरं, पण एवढ्यावर नातं लावणं बरं नव्हे.

"अगं, झाडतेस की पूजा मांडतेस तिथे?"

"आई, हिच्या तोंडात अंडी आहेत."

त्या आल्या. स्टुलावर चढणं शक्य नव्हतं म्हणून खालूनच चष्मा वर-खाली करून पाहिलं. "अंगावर मुतला म्हणजे कळेल. कातडी सोलून निघते."

ही समजूत मीही लहानपणापासून ऐकत आले. रात्रीत मानेवर लाल पट्टा उठतो, फोड येतात, आणि खापर कोळ्यावर फुटतं. त्यातले पुष्कळसे पट्टे एका किड्याचे असतात. काळा-केशरी, मुंगीसारखा लांबट, पावसाळ्यात दिव्याला येणारा. तो चावतही नाही. आपणच झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. कोळी बिचारा भिंतीवर समोर दिसतो, एवढाच त्याचा गुन्हा. हे सगळं मी सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, आणि हिचा उपयोग काय?"

हा प्रश्न त्या सगळ्यांबद्दल विचारतात, जावयांबद्दलसुद्धा. ह्या खेपेला उत्तर तयार होतं. डास. गुंत्यात डास अडकला की ही पुढे जात नाही. लांबूनच मागच्या पायांनी त्याच्यावर धागे टाकत राहते आणि त्याची पुरचुंडी करते. पाय एवढे लांब का, ते इथे कळतं. १९९७ साली थायलंडमधल्या अभ्यासकांनी नेमक्या ह्याच जातीवर निबंध लिहिला, डेंग्यूचे डास मारणारी म्हणून. आमच्या इमारतीत श्रावणात दोघांना डेंग्यू झाला होता. कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करायला माणूस येऊन गेला होता. सासूबाई क्षणभर गप्प झाल्या.

"गिझरवरचं राहू दे," त्या म्हणाल्या. "पण हॉलमधलं काढ. हळदीकुंकवाला बायका येतील, त्यांना कुठे निबंध वाचून दाखवतेस?"

हॉलमधलं काढलं. शोकेसच्या मागे दोघे होते. एकाचा पाय झाडूला चिकटून आला आणि तो उरलेल्या सातांवर, जणू काही झालंच नाही अशा चालीनं, खिडकीबाहेर गेला. दुसरा पातळात गुंडाळला गेला. मी तो उलगडून पाहिला नाही.

दसरा झाला. कोजागिरीच्या आसपास गिझरवरचा घोस विस्कटला आणि त्याच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढी पारदर्शक पिल्लं दिसली, पाय तेव्हापासूनच लांब. चार-पाच दिवस ती आईच्या गुंत्यातच लटकून होती. मग एकेक नाहीशी झाली. आई मात्र जागेवर होती आणि तिच्याजवळ पहिल्यांदाच एक डास बांधलेला होता.

परवा, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, काठी पुन्हा निघाली. ह्या वेळी सासूबाई स्वतः होत्या. गुडघ्यांना तेल मानवलं होतं. त्या देवघराच्या कोनाड्यापाशी थांबल्या. समईच्या वर, छताला लागून, एक अगदी बारीक ठिपका गरगर थरथरत होता.

"ए, इकडे ये," त्या म्हणाल्या. "हे तुझ्याकडचं दिसतंय."